निक्षेपाचा धर्म आणि वृद्धाश्रमाचा हिशेब

वृद्धाश्रम हा शब्द उच्चारला की मराठी मध्यमवर्गीय घरात अजूनही क्षणभर शांतता पसरते. गेल्या काही दशकांत या विषयावर पुष्कळ लिहिले-बोलले गेले. व्याख्यानमालांतून डोळे पाणावले, नाटकांतून टाळ्या पडल्या, शाळकरी मुलांनी निबंध लिहिले. परंतु ही सारी चर्चा एकाच उंबरठ्यापाशी घोटाळत राहते : मुलांनी आईवडिलांना तेथे ठेवावे की न ठेवावे? तो उंबरठा ओलांडून आत गेलेल्या वृद्धाच्या उशाखालच्या पासबुकाचे, हातातल्या बांगड्यांचे आणि कपाटातल्या मुदत ठेवींच्या पावत्यांचे पुढे काय होते, हे पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

चित्र साधारणपणे असे असते. पती निवर्तलेले, मुलगा परदेशी, मुलगी दुसऱ्या शहरात. गुडघ्यांनी साथ सोडलेली एखादी निवृत्त शिक्षिका शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात राहावयास येते. निवृत्तिवेतन दरमहा बँकेत जमा होते आणि बँक पाच-सहा किलोमीटरवर असते. पहिले दोन-तीन महिने संस्था गाडीची सोय करते. मग तिची देखभाल करणारी मावशी एके दिवशी म्हणते, ‘आजी, एवढ्या उन्हात कशाला जाता? कार्ड द्या, मी आणते काढून.’ कार्ड दिले जाते, त्यासोबत चार आकडी गुप्त क्रमांकही. पाच हजार काढावयास सांगितले की काही महिने पाच हजारच येतात. पुढे कधी सात निघतात आणि हाती पाच पडतात. बँकेचा संदेश मोबाइलवर येतो. पण चष्मा जुना झालेला असतो आणि मोबाइल बहुतेक वेळ मावशीच्याच हाती असतो. दार फोडले जात नाही, आरडाओरडा होत नाही. ज्याला चोरी म्हणावे असा एकही क्षण त्या खोलीत घडत नाही. तरीही वर्षाअखेरीस खाते रिकामे होत आलेले असते.

याची आणखीही रूपे आहेत. औषधांची आणि डायपरची वाढीव बिले, मुलीच्या लग्नासाठी म्हणून घेतलेली व कधीच न फिटणारी उसनवारी, आंघोळीच्या वेळी काढून ठेवलेली व मग न सापडलेली पाटली. याहून मोठा व्यवहार म्हणजे बँकेतील नामनिर्देशनात हळूच बदललेले नाव, किंवा शेवटच्या आजारात कोणा नातलगास न कळवता केलेले मृत्युपत्र. आणि यामागे प्रत्येक वेळी तुटपुंज्या पगारावरची मावशीच असते, असे मानणे सोयीचे असले तरी खरे नाही. रहिवाशाच्या मृत्यूनंतर अनामत रक्कम परत करण्यास महिनोन्‌महिने चालढकल करणारा व्यवस्थापक, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाकडून ‘स्वेच्छेने’ देणगीपत्रावर सही घेणारा संस्थाचालक, मुखत्यारपत्र खिशात घालून काकांची जमीन विकणारा पुतण्या, हे सारे त्याच रांगेत उभे आहेत. मावशीचे नाव पोलीस ठाण्यात लवकर पोहोचते, इतकाच काय तो फरक.

तक्रार का होत नाही? ज्या हाताने घास भरवला जातो, कूस बदलली जाते, त्या हाताविरुद्ध बोलण्याची हिंमत कोठून यावी? रात्री घंटा वाजवल्यावर कोणी आलेच नाही तर, ही भीती हजार-दोन हजार रुपयांपेक्षा मोठी असते. शिवाय मुलाला सांगावे तर तो म्हणेल, ‘मी आधीच सांगितले होते’. म्हातारपणी माणूस पैसा गमावणे सोसतो. आपण फसलो हे मुलांपुढे कबूल करणे त्याला सोसवत नाही.

त्यात स्मृतिभ्रंशाची भर पडते. २०११च्या जनगणनेत देशातील साठीपुढील नागरिकांची संख्या १० कोटी ३८ लाखांच्या घरात होती. ती आज कितीतरी वाढली आहे. भारतातील वृद्धत्वाच्या दीर्घकालीन अभ्यासाच्या आधारे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. या आजाराचे एक लक्षण असे की, रुग्णाला आपल्या वस्तू कोणीतरी चोरते आहे असा भास होतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी अन्याय घडतो. खरोखर लुटल्या गेलेल्या आजींचे बोलणे ‘त्यांना आता काही समजत नाही’ म्हणून सोडून दिले जाते; आणि जिने काहीच घेतलेले नाही त्या प्रामाणिक मावशीला, आजींच्या भासापायी, चोर ठरवून एका दिवसात घरी पाठवले जाते. नंतर ती पाटली उशीच्या अभ्र्यात सापडते, पण मावशीची नोकरी गेलेली असते ती गेलेलीच.

अशा वेळी खरे-खोटे ठरवणार कोण? वृद्धाची स्मृती ठरवू शकत नाही, मावशीची शपथ ठरवू शकत नाही, परदेशातल्या मुलाचा दूरध्वनीवरचा संताप तर मुळीच नाही. ठरवू शकतो तो फक्त लिहिलेला हिशेब. आणि नेमका हाच आपल्याकडे मागितला जात नाही. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, सेवा करणाऱ्याचा अपमान करणे, अशी एक भाबडी समजूत सज्जनांच्या संस्थांत मुरलेली आहे.

ही समजूत हिंदू परंपरेतून आलेली नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. धर्मशास्त्राने वादाची जी अठरा व्यवहारपदे सांगितली, त्यांत मनुस्मृतीने ऋणादानानंतर लगेच दुसरे स्थान दिले ते निक्षेपाला, म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या स्वाधीन केलेल्या ठेवीला. कौटिल्याने अर्थशास्त्रात ठेवींसाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले. ऐपत असून आईवडिलांचे पोषण न करणाऱ्यास बारा पण दंड सांगणाराही तोच, आणि अज्ञान बालकाची मालमत्ता तो वयात येईपर्यंत गावच्या वृद्धांनी सांभाळावी, वाढवावी, असे सांगणाराही तोच. ज्याला स्वतःचे द्रव्य राखता येत नाही त्याचे द्रव्य राखणे हे समाजाचे काम आहे आणि त्या कामात कसूर करणारा दंडास पात्र आहे, हा विचार पाश्चात्त्यांकडून उसना आणावा लागत नाही. त्या काळी ग्रामवृद्ध बालकांचे विश्वस्त होते. आज वृद्धच निराधार झाले आहेत आणि त्यांचे विश्वस्त कोण, हे निश्चित नाही.

मात्र व्यवस्था उभारण्याच्या बाबतीत पाश्चात्त्यांकडे पाहण्यास कमीपणा वाटू नये. अमेरिकेतील एकाकी वृद्धत्वाचे दाखले देऊन आपल्या कुटुंबव्यवस्थेचा अभिमान मिरवण्याची सवय आपल्या वक्त्यांना आहे. त्याच अमेरिकेत १९८७ साली वृद्धांच्या शुश्रूषागृहांसाठी संघराज्याचा कायदा झाला. त्याखालील नियमांनुसार, रहिवाशाने आपला पैसा गृहाकडे ठेवलाच पाहिजे अशी सक्ती करता येत नाही. त्याने स्वतःहून ठेवला तर शंभर डॉलरवरची रक्कम, सरकारी वैद्यकीय साहाय्यावर असलेल्याच्या बाबतीत पन्नास डॉलरवरची, गृहाच्या चालू खात्यात न मिसळता व्याज देणाऱ्या वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. दर तीन महिन्यांनी त्याला लेखी विवरण द्यावे लागते. मृत्यूनंतर ३० दिवसांत उरलेली रक्कम हिशेबासह सुपूर्द करावी लागते. शिवाय रहिवाशांच्या तक्रारी ऐकण्यासाठी प्रत्येक राज्यात स्वतंत्र लोकपाल असतो. म्हणून तेथे लूट होत नाही असे नव्हे; तेथील वृत्तपत्रांत अशा प्रकरणांच्या बातम्या येतच असतात. पण लूट झाली हे तेथे कागदावरून कळते. आपल्याकडे ती झाली हे कळण्याचीच सोय नाही.

भारतात कायदा अगदीच नाही असे मात्र नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. त्याच्या २३व्या कलमानुसार, ‘माझा सांभाळ करावा’ या अटीवर वृद्धाने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करता येते. हे कलम केवळ मुलांपुरते नाही. घेणारा पुतण्या असो, शेजारी असो वा सेवक असो, ते त्यालाही लागू होते. यातली मेख अशी की सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मधील एका निकालात, सांभाळाची अट होती हे सिद्ध व्हावे लागेल असे म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने हा कल्याणकारी कायदा असल्याने त्याचा अर्थ उदारपणे लावावा, असे सांगून मुलाच्या नावे केलेले एका आईचे बक्षीसपत्र रद्द ठरवले. तरीही शहाणपण यात आहे की, बक्षीसपत्र करावयाचेच असेल तर सांभाळाची अट त्या लेखातच स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी.

मृत्युपत्राबाबत तर न्यायालयांची भूमिका १९५८ पासून स्थिर आहे. ज्याला मृत्युपत्राचा लाभ मिळणार त्यानेच ते घडवून आणण्यात पुढाकार घेतला असेल, तर संशय दूर करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी वेंकटाचल अय्यंगार प्रकरणात सांगितले. १८७२च्या करार कायद्यातही वय, आजार वा शारीरिक-मानसिक क्लेशांमुळे ज्याची विचारशक्ती क्षीण झाली आहे त्याच्यावरील अनुचित प्रभावाची तरतूद आहे. नोकराने केलेल्या चोरीस किंवा विश्वासघातास, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. पण हे सारे उपाय घटना घडून गेल्यानंतरचे आहेत, आणि ऐंशी वर्षांच्या फिर्यादीला दिवाणी न्यायालयाची तारीख म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको.

सर्वांत मोठी पोकळी आहे ती स्मृती हरवलेल्यांच्या बाबतीत. अनेक कुटुंबे मुखत्यारपत्र करून निश्चिंत होतात. परंतु ते देणाऱ्याची विचारशक्ती गेली की करार कायद्यानुसार तो अधिकारही संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निरुपयोगी होतो. बँकेला हे माहीत नसते, म्हणून पुतण्या तो पुढेही वापरत राहतो. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा रुग्णाच्या मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालयाकडून व्यवस्थापक नेमून घेण्याची सोय होती. त्याच्या जागी आलेल्या २०१७च्या कायद्यात उपचारांविषयी निर्णय घेणारा प्रतिनिधी नेमता येतो. मालमत्तेची ती सोय मात्र राहिली नाही. त्यामुळे सरळमार्गी मुलीला वडिलांच्या औषधपाण्यासाठी त्यांचीच ठेव मोडावयाची तर उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. वाकडा मार्ग घेणाऱ्याला कार्ड आणि चार आकडे पुरतात.

या स्थितीत बँकांनी ज्या सवलती देऊ केल्या आहेत, त्यांची माहिती तरी घरोघर पोहोचली पाहिजे. सत्तर वर्षांवरील आणि आजारी वा अपंग खातेदारांना घरी सेवा देण्याचे निर्देश रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये दिले. सही करता न येणाऱ्या खातेदाराला अंगठ्याच्या ठशावर पैसे काढता येतात, आणि त्यासाठी जे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. म्हणजे कार्ड दुसऱ्याच्या हाती देण्याला पर्याय आहे. तो मागावा मात्र लागतो. आणि जो गुप्त क्रमांक आपणहून दुसऱ्यास सांगतो, त्याचे बँकेला कळवेपर्यंत झालेले नुकसान त्याच्याच माथी येते, हाही रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्याच नियमांचा भाग आहे. नामनिर्देशनाविषयीही मोठा गैरसमज आहे. नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीसाठी चार जणांपर्यंत नावे देता येतात. पण नामनिर्देशित व्यक्ती रकमेची मालक होत नाही, वारसांसाठी ती स्वीकारणारी विश्वस्त होते. एवढी एक गोष्ट कळली तरी ‘आजींनी माझे नाव लावले’ या दाव्यातील अर्धी हवा निघून जाते.

आता प्रश्न आपल्याच संस्थांचा. १९९५ साली महाराष्ट्रात युती सरकारने मातोश्री वृद्धाश्रम योजना सुरू केली, त्याच्या आधी आणि नंतरही हे काम प्रामुख्याने स्वयंसेवी संस्थांनीच पेलले आहे. त्यांतील अनेक संस्था संघविचाराने प्रेरित कार्यकर्त्यांनी, घरचे खाऊन, वर्गणी गोळा करून उभ्या केल्या. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे जो हिशेब जातो तो संस्थेच्या पैशाचा असतो. रहिवाशाच्या खासगी पैशाचा, त्याच्या दागिन्यांचा, त्याच्या कार्डाचा हिशेब त्या ताळेबंदात कोठेच नसतो. लेखापरीक्षकाने ‘सर्व काही योग्य’ असा शेरा मारलेल्या संस्थेतही खोली क्रमांक बारामधील आजी लुटल्या जात असू शकतात. कार्यवाहांना ते कळणारही नाही, कारण त्यांनी विचारलेलेच नसते. ‘आपल्याकडे असे होत नाही’ हे वाक्य ज्या संस्थेत सहज उच्चारले जाते, तेथे ते होत असण्याचा संभव अधिक.

करावयाचे काम अवघड नाही. प्रवेशाच्या दिवशी दागिने व कागदपत्रे यांची यादी करून तीन प्रती काढाव्यात. एक रहिवाशाकडे, एक कुटुंबाकडे, एक कार्यालयात. कोणत्याही कर्मचाऱ्याने वा पदाधिकाऱ्याने रहिवाशाकडून उसने घेऊ नये, भेट घेऊ नये, मृत्युपत्रात वा नामनिर्देशनात नाव लावून घेऊ नये, आणि हा नियम नेमणूकपत्रातच असावा. रहिवाशासाठी झालेला प्रत्येक खर्च पावतीसह वहीत उतरावा, त्यापुढे दोघांच्या सह्या असाव्यात. संस्थेला देणगी द्यावयाचीच असेल तर ती कुटुंबाला कळवून, बाहेरच्या माणसासमक्ष घ्यावी. आजारपणात घेऊच नये. महिन्यातून एकदा, ज्याचा संस्थेच्या कारभाराशी संबंध नाही अशा कोणी, निवृत्त बँक अधिकारी असला तर उत्तमच, प्रत्येक रहिवाशाशी खोलीचे दार लोटून दहा मिनिटे बोलावे. निवृत्त बँक कर्मचारी आपल्या वस्त्यावस्त्यांत आहेत आणि त्यांतील पुष्कळजण ‘काय काम करू?’ असे विचारत असतात.

या वहीचा सर्वांत मोठा आधार मावशीलाच मिळतो. आपले गावचे घर सोडून बारा-बारा तासांच्या पाळीत परक्याचे मलमूत्र काढणारी ही बाई ब्युरोच्या कमिशननंतर हाती किती घेऊन जाते, हे रहिवाशाच्या मुलांना बहुधा ठाऊक नसते. दवाखान्याच्या खर्चासाठी तिला आजींपुढे हात पसरावा लागतो, कारण संस्थेकडून उचल मिळत नाही. तिला वेळेवर पगार, अडीअडचणीला संस्थेकडून उचल आणि सह्यांची वही, या तीन गोष्टी मिळाल्या तर मोहाचे आणि आळाचे दोन्ही प्रसंग कमी होतील.

मुलांच्या वाट्यालाही काम आहे आणि ते पैसे पाठवण्याइतके सोपे नाही. परदेशस्थ मुलगा दोन वर्षांतून एकदा येतो, आईला साडी आणतो, मावशीच्या हातावर हजार रुपये ठेवतो, सगळ्यांची छायाचित्रे काढतो आणि जातो. त्या पंधरा दिवसांत आईशेजारी बसून पासबुकाची पाने उलटावीत, असे त्याला सुचत नाही. सुचले तरी संकोच वाटतो. बँकेचे संदेश आपल्याही क्रमांकावर यावेत, आईच्या खर्चासाठी मोजकी रक्कम असलेले वेगळे खाते असावे आणि मोठ्या ठेवींना त्याचा स्पर्श नसावा, हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. २०२५च्या विजयादशमीला संघाची शताब्दी झाली. त्या निमित्ताने मांडलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधन आहे आणि नागरी कर्तव्यही आहे. कुटुंब प्रबोधनाच्या बैठकीत एकत्र भोजन, भजन आणि गप्पा यांविषयी जितके बोलले जाते, त्यातला एक तास आजोबांच्या कागदपत्रांना द्यावयास हरकत नसावी.

आणि शासनाने? केंद्र सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये २००७च्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक लोकसभेत मांडले होते. वृद्धांच्या निवासगृहांची आणि घरी सेवक पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी, त्यांच्यासाठी किमान मानके, दरमहा दहा हजार रुपयांच्या निर्वाह मर्यादेची समाप्ती, जावई-सुनांवरही जबाबदारी, अशा स्वागतार्ह तरतुदी त्यात होत्या. ते स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला. पण संमत न होताच १७व्या लोकसभेच्या विसर्जनाबरोबर २०२४ मध्ये ते रद्दबातल झाले. ज्या सरकारने ते मांडले तेच पुन्हा सत्तेवर आले आहे, तेव्हा विरोधकांनी अडवले असे म्हणण्यासही जागा नाही. विधेयक पुन्हा आणताना त्यात तीन गोष्टींची भर पडावी : रहिवाशाच्या पैशासाठी वेगळे खाते व तिमाही विवरण, मृत्यूनंतर अनामत परत करण्याची ठरावीक मुदत, आणि विचारशक्ती गेलेल्यांच्या मालमत्तेसाठी जिल्हा पातळीवरच पालक नेमण्याची सोय.

तोवर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. तो क्रमांक प्रत्येक वृद्धाश्रमाच्या भिंतीवर, कार्यालयात नव्हे, तर रहिवाशांच्या खोलीत, खाटेवरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा.